वीस मीटरची धाव आणि डब्यातली पावडर

फुटबॉलच्या नव्वद मिनिटांत मध्यफळीतला खेळाडू दहा ते बारा किलोमीटर पळतो, चालतो, रेंगाळतो. त्यात खरी सुसाट धाव फार थोडी असते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ताशी २५ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेगाला स्प्रिंट म्हणतात. असा एकेक पल्ला दोन ते चार सेकंदांचा आणि बहुधा वीस मीटरच्या आतबाहेरचा असतो. सामन्यातले सगळे पल्ले जोडले तरी एकूण अंतराच्या दोन-तीन टक्क्यांपुढे ते क्वचितच जातात. सामना मात्र याच दोन-तीन टक्क्यांत फिरतो. जर्मनीच्या बुंडेसलिगातील ३६० गोलांची चित्रफीत तपासणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ४५ टक्के गोलांच्या आधी गोल करणाऱ्या खेळाडूने सरळ रेषेत सुसाट धाव घेतली होती. उडी, वळण, हुलकावणी यांचा क्रम त्यानंतर लागतो.

एवढ्या छोट्या धावेसाठी लागणारी ऊर्जा स्नायूत आधीच साठवलेली असते. स्नायू आकुंचन पावताना एटीपी हा रेणू मोडतो, आणि तो चटकन पुन्हा घडवण्याचे काम फॉस्फोक्रिएटिन करते. हा साठा दहा सेकंदांच्या पूर्ण जोराच्या कामात बराचसा संपतो आणि पुन्हा पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. सामन्यात एवढी उसंत दर वेळी मिळत नाही. म्हणून पहिल्या पल्ल्याला बचावपटूला सहज मागे टाकणारा मुलगा ओळीने चौथ्या-पाचव्या पल्ल्याला त्याच बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून पळताना दिसतो. फुटबॉलपटूची स्प्रिंट मोजायची तर एका धावेची वेळ पुरत नाही. सहा धावांमधली घसरण पाहावी लागते. पूरक आहाराबद्दलची सगळी चर्चा या घसरणीभोवती आहे, आणि डबा विकणारे नेमके याबद्दल बोलत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यात फुटबॉल हा मुख्यतः शाळेचा खेळ आहे. कोल्हापुरात तालमींनी संघ उभे केले, पेठापेठांत चाहते तयार झाले आणि शाहू स्टेडियमवर गर्दी जमू लागली. तशी परंपरा सातपुड्याच्या पायथ्याशी नाही. इथे कबड्डी, खो-खो आणि लांब पल्ल्याचे धावणे आधीपासून रुजलेले. सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य शासनाने ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवला आणि शाळाशाळांत चेंडू पोचले. ज्या शाळांनी तो चेंडू कपाटात ठेवला नाही, तिथे संघ तयार झाले. पुढची वाट ठरलेली: सुब्रतो मुखर्जी चषकाची किंवा शालेय स्पर्धेची जिल्हा फेरी, मग नाशिक विभाग, मग राज्य. सुब्रतो चषकाच्या फेऱ्या पावसाळ्यात येतात, म्हणजे काळ्या मातीच्या चिखलात. सराव मात्र उन्हाळ्यापासून सुरू करावा लागतो, आणि त्या दिवसांत इथला पारा चाळिशीच्या बराच वर असतो.

पावडर येते ती शहरातल्या जिममधून. नंदुरबार किंवा शहाद्याला कॉलेजसाठी राहिलेला मोठा भाऊ किंवा गाववाला डबा घेऊन येतो आणि मैदानावर प्रश्न विचारला जातो, ‘सर, ही घेऊ का? स्पीड वाढतो म्हणतात.’ क्रीडाशिक्षकाच्या कामात हा प्रश्न आता दर हंगामाला येतो. ‘नको’ म्हणून तो मिटत नाही. नुसता नकार दिला तर मुलगा डबा घरी ठेवतो आणि घेत राहतो. उत्तर पदार्थागणिक वेगळे आहे, आणि ते तसेच द्यावे लागते.

सर्वांत भक्कम पुरावा क्रिएटिनचा आहे. हा काही प्रयोगशाळेतला नवा शोध नाही. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसातून वेगळे केले. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातले ९५ टक्के स्नायूंत असते. रोज दोनेक ग्रॅम खर्च होते. निम्मे शरीर स्वतः बनवते, उरलेले मांस-मासळीतून येते. १९९२ साली रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की काही दिवस बाहेरून क्रिएटिन दिल्यास स्नायूंतला साठा वाढतो. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकनंतर काही ब्रिटिश धावपटूंनी ते घेतल्याच्या बातम्या आल्या आणि बाजार उघडला. फुटबॉलपटूंवरचा बहुतेक वेळा उद्धृत होणारा अभ्यास मुहिका आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा. खेळाडूंना सहा दिवस रोज २० ग्रॅम क्रिएटिन देण्यात आले. त्यानंतर ५ आणि १५ मीटरच्या पुन:पुन्हा घेतलेल्या धावांच्या वेळा सुधारल्या, आणि थकल्यावर उडीची उंची कमी घसरली. दमाच्या चाचणीत काही फरक पडला नाही. या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. क्रिएटिन वेग देत नाही, ते पाचव्या धावेला पहिल्या धावेच्या जवळ ठेवते.

आठवडाभर रोज २० ग्रॅम चार भागांत घेणे आणि नंतर ३ ते ५ ग्रॅमवर येणे, ही एक पद्धत झाली. रोज ३ ग्रॅमच घेतले तर तोच साठा साधारण महिनाभरात भरतो, आणि पोटही बिघडत नाही. वजन एक-दोन किलोंनी वाढते, कारण स्नायूत पाणी धरले जाते. हलक्या अंगाच्या विंगरला हे वजन जाणवते. रक्तातले क्रिएटिनीनही थोडे वाढते. डॉक्टरला पावडर घेतल्याचे सांगितले नाही तर तो अहवाल मूत्रपिंडाच्या दुखण्यासारखा दिसतो.

नंदुरबारच्या संदर्भात क्रिएटिनची एक बाजू विचार करायला लावते. ज्यांच्या आहारात मांस-मासळी कमी, त्यांच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो आणि पावडरीचा लाभ त्यांना अधिक होतो. अर्धे मडके भरायला जागा असते, काठोकाठ भरलेले सांडते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या ताटात ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, तूर-उडदाची डाळ, भाजी, भात असतो. मांस सणावाराला किंवा घरी गेल्यावर. आठवडे बाजारातली सुकी मासळी आणि उकाई धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांतली ताजी मासळी एवढाच नियमित आधार. शिवाय एक किलो कच्च्या मांसात किंवा मासळीत तीन ते पाच ग्रॅमच क्रिएटिन असते, म्हणजे ताटातून पावडरीइतकी मात्रा गाठणे कुणालाच जमणारे नाही. तेव्हा केवळ शास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर या मुलांना क्रिएटिनचा फायदा युरोपातल्या मांसाहारी खेळाडूपेक्षा जास्त व्हायला हवा. तरीही अठरा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, हीच भूमिका बरोबर ठरते. या वयातले अभ्यास थोडे आहेत, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची अकादमी किशोरांमध्ये अशा पदार्थांना प्रोत्साहन देत नाही, आणि या वयात सराव, झोप व पोटभर जेवण यांतून मिळणारी सुधारणा पावडरीच्या कितीतरी पट मोठी असते. विद्यापीठ संघातल्या एकवीस वर्षांच्या खेळाडूला उत्तर वेगळे देता येईल.

मैदानावर काम करणाऱ्याला आणखी एक अडचण लवकर कळते. चांगल्या अभ्यासांत स्प्रिंटच्या वेळेत दिसणारा फरक एक-दोन टक्क्यांचा असतो. वीस मीटरला तीन सेकंद लागत असतील तर हा फरक झाला ०.०३ ते ०.०६ सेकंद. चेंडूपर्यंत आधी पाय पोचायला वीस-चाळीस सेंटीमीटर पुरतात, म्हणून खेळात त्याला किंमत आहे. पण हातातल्या स्टॉपवॉचची चूक सहज ०.२ सेकंदांपर्यंत जाते. शिट्टी ऐकून बटण दाबणाऱ्या बोटाला हा फरक दिसणे शक्य नाही. आठवडाभर पावडर घेतलेला मुलगा ‘सर, फरक पडला’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्या आठवड्यात तो जरा जास्त जोर लावून पळालेला असतो, कोरड्या मैदानावर पळालेला असतो किंवा अंगठा लवकर दाबला गेलेला असतो. इन्फ्रारेड गेट तालुक्याच्या मैदानावर नसतात. मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रणाने काम बरेच अचूक होते: दोन खुणांच्या रेषेत फोन स्थिर ठेवायचा, चौकटी मोजायच्या, एकाच दिवशी तीस-तीस मीटरच्या सहा धावा घ्यायच्या, मधे वीस-पंचवीस सेकंद विश्रांती द्यायची आणि पहिल्या-शेवटच्या वेळेतली घसरण वहीत लिहायची. ही वही दोन महिने नीट ठेवली की पावडरीचा विषय बराचसा आपोआप मागे पडतो, कारण घसरण सकाळी उपाशीपोटी आलेल्या दिवशी सर्वांत जास्त दिसते.

कॅफिनचे गणित सोपे आहे. किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, सामन्याच्या तासभर आधी. थकवा उशिरा जाणवतो, धावांची आणि उड्यांची कामगिरी थोडी सुधारते. १ जानेवारी २००४ पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत नाही, फक्त त्यावर लक्ष ठेवले जाते. पन्नास किलोच्या मुलाला किमान मात्रा १५० मिलिग्रॅम पडते. दुधाच्या लहान कपभर चहात तीस-चाळीस मिलिग्रॅम धरले तर चार-पाच कप झाले, आणि एवढा गोड चहा पिऊन कुणाला पळता येणार नाही! म्हणून मुले एनर्जी ड्रिंकच्या कॅनकडे वळतात. भारतात अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा आहे आणि ‘लहान मुलांसाठी शिफारस नाही’ असे डब्यावर छापणे बंधनकारक आहे. ती ओळ बारीक अक्षरात असते. कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात राहतो. संध्याकाळी सामना खेळलेल्या मुलाची रात्रीची झोप जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या उपांत्य फेरीला तो जड पायांनी उतरतो. जिल्हास्तरीय स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकल्या जातात, तिथे हा सौदा तोट्याचा आहे.

बाकीच्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. बीटा-अलानिन चार-सहा आठवडे घेतल्यास एक ते चार मिनिटांच्या जोरकस कामात उपयोगी पडते. दोन-तीन सेकंदांच्या धावेत त्याचा लाभ दिसलेला नाही, आणि अंगाला मुंग्या मात्र येतात. खाण्याचा सोडा, किलोमागे ०.३ ग्रॅम, रक्तातली आम्लता रोखतो, पण तेवढा सोडा पोटात गेल्यावर खेळाडू मैदानापेक्षा शौचालयात जास्त दिसण्याची शक्यता असते. बीटाचा रस त्यातल्या नायट्रेटमुळे चर्चेत आहे. २०१६ च्या एका अभ्यासात पाच दिवस तो घेतलेल्या सांघिक खेळाडूंची वीस मीटरची वेळ एका टक्क्याहून किंचित अधिक सुधारली. इथे बीट शोधत बसण्यापेक्षा पालक, राजगिरा, मुळ्याचा पाला या भाज्या ताटात असाव्यात. नायट्रेट त्यांतही भरपूर असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये कामगिरीला थेट मदत करणारे म्हणून ज्यांची नावे घेतली ती एवढीच पाच: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि सोडा. दुकानाच्या फळीवर पाचशे डबे असतात.

त्या फळीवर सर्वांत मोठी जागा व्हे प्रोटीनची असते, आणि त्या पाचांत त्याचे नाव नाही. प्रथिने स्नायूंच्या दुरुस्तीला लागतात, धाव ती वाढवत नाहीत. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या तज्ज्ञगटाने खेळाडूसाठी किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. पन्नास किलोच्या मुलाला ८० ग्रॅमपासून पुढे. एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम असतात, म्हणजे चार अंडी. नवापूर हे राज्यातले कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला तेव्हा सगळ्या देशाला ते नाव कळले. ज्या जिल्ह्यातून अंडी ट्रकने बाहेर जातात, तिथल्या मुलाने प्रथिनांसाठी परदेशी डबा घ्यावा, याला हिशेब म्हणता येत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत २२.

कर्बोदकांबाबतही तेच. नव्वद मिनिटांच्या सामन्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळाली तर शेवटच्या वीस मिनिटांतली धाव टिकते. शहादा-तळोद्याच्या एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. सामन्याच्या तीन तास आधी भाकरी-डाळ किंवा भात, मध्यंतराला केळे आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, एवढ्याने काम भागते. अडचण पदार्थांची नसते, वेळेची असते. धडगाव किंवा मोलगीकडचा संघ जिल्ह्याच्या गावी सकाळी नऊच्या सामन्याला पोचायचा तर पहाटे अंधारात निघतो. घाटातल्या वळणांनी पोटात काही ठरत नाही आणि मुले रिकाम्या पोटी मैदानात उतरतात. शक्य असेल तिथे आदल्या रात्री मुक्काम करणे, हा त्या संघाला मिळू शकणारा सर्वांत परिणामकारक पूरक आहार आहे. खर्च मात्र कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा, हे कुणी सांगत नाही.

डब्यात लिहिलेलेच असते का, हा वेगळा धोका. कोलोन येथील प्रयोगशाळेने २०००-२००१ मध्ये तेरा देशांतून ६३४ पूरक पदार्थ गोळा करून तपासले. ९४ मध्ये, म्हणजे १४.८ टक्क्यांमध्ये, लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडवर्गीय द्रव्ये निघाली. फुटबॉलमधले प्रसिद्ध उदाहरण मँचेस्टर सिटीच्या कोलो टुरे यांचे. २०११ मध्ये पत्नीच्या वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्याने त्यांची चाचणी दोषी आली आणि सहा महिन्यांची बंदी लागली. हेतू नव्हता, हे मान्य होऊनही. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्यानंतर या यंत्रणेला कायद्याचे बळ मिळाले आहे, आणि नियम तोच आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. राज्य संघाच्या निवडीपर्यंत पोचलेल्या आदिवासी मुलाला हा नियम बहुधा कुणी सांगितलेला नसतो.

शाळेतूनच, फुकट मिळणारी एक पूरक गोळी मात्र खरोखर महत्त्वाची आहे: आठवड्याला एकदा दिली जाणारी लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी. हिमोग्लोबिन कमी असेल तर पहिली धाव फारशी बिघडत नाही, पण दोन धावांमधला दम परत येत नाही. मुलींच्या संघात हे पदोपदी दिसते. ‘ही मुलगी आळशी आहे’ असा शेरा मारण्याआधी रक्त तपासून घ्यावे. गोळीने मळमळते म्हणून ती खिडकीबाहेर जाते. जेवणानंतर, समोर उभे राहून दिली तर पोटात जाते.

सातपुड्यात या सगळ्याच्या आधी येणारी गोष्ट म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत या जनुकाचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. दोन्ही पालकांकडून जनुक आलेला मुलगा, म्हणजे एसएस, बहुतेक वेळा लहानपणापासून आजारी पडतो. त्याचा खेळ डॉक्टरच ठरवतील. प्रश्न एएसचा, म्हणजे वाहकाचा असतो. तो निरोगी दिसतो, धावतो, गोल करतो, आणि अनेकदा त्याला स्वतःलाही हे ठाऊक नसते. सलग जोराच्या धावा, ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की स्नायूंतले रक्त आम्लधर्मी होते, प्राणवायू उतरतो, काही लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात (हेच सिकलिंग) आणि बारीक वाहिन्या तुंबतात. स्नायू मरू लागतात. २००६ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा एकोणीस वर्षांचा खेळाडू शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो वाहक होता. त्यानंतर २०१० पासून तिथल्या सर्वोच्च श्रेणीच्या विद्यापीठांत ही चाचणी सक्तीची झाली. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ४८,००० अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात वाहकांचा मृत्युदर वाढलेला आढळला नाही. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी अधिक होता. सैन्यात पाणी, विश्रांती आणि उष्णतेचे नियम काटेकोर पाळले जातात, हे मृत्युदर न वाढण्यामागचे एक कारण मानले जाते.

म्हणजे वाहक मुलाला संघाबाहेर काढण्याचे काही कारण नाही. धावांमधली विश्रांती वाढवायची, हंगामाची सुरुवात हळू करायची, ‘अजून एक, अजून एक’ करत शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावायचे नाही, आणि पाणी मागितले की द्यायचे. वाहकाचे मूत्रपिंड पाणी राखण्यात थोडे कमी पडते, त्यामुळे त्याला तहान इतरांपेक्षा लवकर लागते. तो नाटक करत नसतो. पेटका आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि खेळाडू ओरडतो. सिकलिंगमध्ये पाय दुखतात, गळून जातात, मुलगा शांतपणे खाली बसतो, आणि स्नायू हाताला मऊच लागतो. हा फरक ओळखता येणे कुठल्याही पावडरीच्या ज्ञानापेक्षा मोलाचे आहे. अशा मुलाला कॅफिनची जोरदार पेये आणि ‘प्री-वर्कआउट’ म्हणून विकली जाणारी मिश्रणे पूर्ण वर्ज्य, आणि क्रिएटिनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे आणि ती सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते, गरज पडल्यास पुढची. क्रीडाशिक्षकांनी जून महिन्यात, संघाची यादी पक्की करण्यापूर्वी, प्रत्येक खेळाडूची ही तपासणी करून घ्यावी आणि निकाल शाळेच्या फळ्यावर न लावता आपल्या वहीत, धावांच्या वेळेशेजारी लिहून ठेवावा.